स्वेटरचा खरा रंग कुठला? फोटो स्कॅनिंग सर्व्हिस आणि त्यांच्या मेमरी बॉक्सचा रिव्ह्यू

आधीच सांगते, रिव्ह्यू लांब झालाय. ज्यांना फक्त स्टार हवेत त्यांच्यासाठी: स्कॅनिंगला पाचपैकी ३, वस्तूंच्या फोटोंना २, आणि डब्याला साडेचार. हो, डब्याला. मलाही वाटलं नव्हतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, एकतर तक्रारी आहेत आणि दुसरं म्हणजे अशा बहुतेक सर्व्हिसेस थोड्याफार फरकाने हेच पॅकेज विकतात, त्यामुळे कुठूनही घेणार असाल तरी वाचून ठेवा.

पॅकेज असं की आपण जुने प्रिंट पाठवायचे, ते स्कॅन करून लिंक देतात, सोबत आठवणीच्या काही वस्तू पाठवल्या तर त्यांचेही स्टुडिओत नीट फोटो काढतात आणि मग सगळं सामान परत येतं ते एका जाड पुठ्ठ्याच्या मेमरी बॉक्समधून. जाहिरातीचा सूर एकच, फोटो ठेवा आणि पसारा सोडा. आम्ही घर बदलत होतो आणि आईच्या कपाटात पसाराच पसारा होता त्यामुळे मी लगेच फसले. म्हणजे फसले असं नाही, पण सोय वाटली.

एकूण ४१२ प्रिंट निघाले आणि ११ वस्तू. वस्तूंमध्ये आजोबांच्या चष्म्याचं घर, दादाचा एक सूर बंद पडलेला माउथ ऑर्गन, एक किल्ल्यांचा जुडगा, एक घड्याळ, बॅजेस वगैरे चिल्लर आणि मुख्य म्हणजे स्वेटर. हा स्वेटर आमच्या घरात जाम फेमस आहे. आत्याने मी व्हायच्या आधी माझ्यासाठी विणला, अंदाज चुकून बाह्या लांब झाल्या, मग मला दोन घड्या घालून घालायचे, ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीये की मला त्या घड्या आठवतात असं मी शपथेवर सांगितलं असतं. आत्या आता नाही, त्यामुळे स्वेटर हा विषय आणखीनच नाजूक. बाबांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओही होता पण तो कुरियरला देण्यासारखा नव्हता, त्याचे फोटो मीच घरी काढले.

तर पहिली पायरी, फोटो अल्बममधून बाहेर काढणं. ते काम आपणच करायचं, चिकटलेले फोटो ते घेत नाहीत, आणि हे नियमात फार बारीक अक्षरात लिहिलंय. आमचे अल्बम ते चिकट पानांचे, वरचं पारदर्शक प्लास्टिक उचलायचं, फोटो ठेवायचा, प्लास्टिक परत दाबायचं. एकेकाळी घरोघरी हेच असायचे, आणि फोटोंची त्यांच्याइतकी वाट कुणी लावली नसेल, कारण तो गोंद वर्षानुवर्षं पिवळा पडत जातो आणि फोटो पाठीमागून असा धरतो की ओढला तर फाटतो. ओढू नका. दात साफ करायचा तो डेंटल फ्लॉस घ्या, फोटोच्या कोपऱ्याखाली घाला आणि करवतीसारखा हळूहळू पुढेमागे करत न्या. संग्रहालयातली माणसंसुद्धा ही युक्ती सांगतात. मी तीन रात्री तेच करत बसले होते, बोटांना वळ पडले पण एकच फोटो फाटला आणि तो पण नेमका दूरच्या नातेवाइकांचा होता.

आता इथे माझी चूक, लिहूनच टाकते. फोटो सुटे करताना बऱ्याच फोटोंच्या मागे पेनाने काहीतरी लिहिलेलं दिसत होतं. मी वाचत बसले नाही. रात्रीचे दोन वाजले होते आणि मी मनात म्हटलं की स्कॅनमध्ये येईलच ना, मग निवांत वाचू.

ही खोड फक्त माझी नाही हे नंतर कळलं. लिंडा हेंकेल नावाच्या मानसशास्त्राच्या संशोधक आहेत, त्यांनी लोकांना एका संग्रहालयात फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले आणि काही नुसत्या बघायला, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर ज्यांचे फोटो काढले होते त्याच वस्तू लोकांना कमी आठवल्या. २०१४ मध्ये हे छापून आलं. गंमत म्हणजे ज्या वस्तूंचा झूम करून एखादाच भाग टिपला त्यांच्या बाबतीत असं झालं नाही. म्हणजे कॅमेऱ्याने लक्षात ठेवलंय म्हटल्यावर आपलं डोकं हात झटकून मोकळं होतं, पण फोटो काढतानाही नीट निरखलं तर तसं होत नाही. नंतर २०१७ मध्ये दुसऱ्या काही संशोधकांनी लोकांना स्वतःच्या मर्जीने फोटो काढू दिले, तेव्हा डोळ्यांनी बघितलेलं जास्त लक्षात राहिलं आणि कानांनी ऐकलेलं कमी. हे ऐकलेलं कमी राहणं लक्षात ठेवा, चष्म्याच्या घराच्या वेळी परत येणार आहे.

स्कॅन तीन आठवड्यांनी आले. लिंक उघडली आणि पहिली दहा मिनिटं मी खरंच खूश होते, कारण एकदम सगळे फोटो फोनवर, मोठे करून बघता येतात, आईला दादाच्या घरी पाठवले तर तिने रात्रभर एकेकावर व्हॉइस मेसेज पाठवले. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. अल्बम एका कपाटात असतो आणि कपाट एकाच घरात, आणि भावंडांत वाटणी करायची वेळ आली की अल्बमचे तुकडे करता येत नाहीत. फाइल सगळ्यांना पूर्ण मिळते.

अकराव्या मिनिटाला लोचे दिसायला लागले.

पहिला लोचा तारखांचा. प्रत्येक फाइलवर फोटोची नाही तर स्कॅनची तारीख, त्यामुळे फोनच्या गॅलरीत माझं अख्खं लहानपण, आईबाबांचं लग्न आणि आजोबांची निवृत्ती हे सगळं गेल्या महिन्यातल्या एकाच मंगळवारी घडलंय. तारीख फाइलच्या आतल्या माहितीत बदलता येते, फार अवघड नाही, पण ४१२ वेळा कोण करणार, आणि मुळात फोटोच्या काठावरच्या पांढऱ्या पट्टीत लॅबने छापलेली तारीख होती ती यांनी क्रॉप करून टाकलीये, कारण कडा स्वच्छ दिसतात.

दुसरं, रिझोल्युशन. मी न विचारल्यामुळे ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके घेऊन, स्कॅन झालं. चार बाय सहा इंचाचा फोटो ३०० ला केला तर १२०० बाय १८०० म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. ६०० ला केला असता तर साडेआठच्या वर गेला असता. मोठ्या फोटोला ३०० चालून जातं हो, पण आमच्याकडे पाकिटात ठेवायचे छोटे फोटो ढीगभर, त्यात आजीचा चेहरा नखाएवढा, तो मोठा केला की नुसते ठोकळे. तेव्हा ऑर्डर देतानाच ६०० मागा, आणि निगेटिव्ह असतील तर त्यांना याच्या कितीतरी पट लागतं, ते वेगळं विचारून घ्या.

तिसरी गोष्ट आधी माझ्या लक्षातच आली नव्हती, आईच्या आली. ती म्हणाली, "सगळ्यांच्या तोंडावरून ही दोरी कसली गं गेलीये?" बघते तर सलग चाळीसेक फोटोंवर अगदी त्याच जागी एक केसाएवढी उभी रेघ. फोटो आत ओढून घेणाऱ्या मशीनमध्ये काचेवर धुळीचा एक कण बसला तर कण जागेवरच राहतो आणि फोटो त्याच्यावरून सरकत जातात, म्हणून प्रत्येकावर रेघ. पुसायला पाच सेकंद लागतात. कुणी पुसलं नाही.

पण खरा किस्सा रंगाचा. स्वेटर घातलेल्या बाळाचा एक फोटो आहे, जुन्या रंगीत फोटोंचा पडतो तसा तोही लालसर पडलेला. त्या कागदात तीन रंगांचे थर असतात आणि त्यातला निळसर थर अंधारात ठेवलं तरी सगळ्यात आधी विरतो, मग उरतो तो लाल आणि पिवळा, म्हणून अल्बम कितीही जपला तरी जुन्या सगळ्या फोटोंत कायम संध्याकाळच झालेली असते. यांच्या सॉफ्टवेअरने ते आपोआप दुरुस्त केलं, आणि दुरुस्तीनंतर स्वेटर झाला नेव्ही ब्लू. झकास नेव्ही ब्लू. अगदी पटण्यासारखा. स्वेटर माझ्या हातात नसता तर माझ्या मुलांनी पुढे तो निळा होता असंच सांगितलं असतं. स्वेटर बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा आहे. बाहेरून आता विटलाय, पण बाही उलटी केली आणि शिवणीच्या आत बघितलं तर तिथे उजेड कधी पोचलाच नाही, तिथला रंग अजून कालच लोकर आणल्यासारखा. मी तो आतला भाग खिडकीत धरून त्यांना फोटो पाठवला आणि लिहिलं की हा बघा रंग. त्यांच्याकडे दुरुस्तीच्या आधीची फाइल होती, चार दिवसांत नवीन करून दिली आणि पैसे मागितले नाहीत. कस्टमर केअर चांगलं आहे, वाद घालत नाहीत.

मात्र फोटोंच्या पाठी? नाहीत. एकाही फोटोची मागची बाजू स्कॅन केलेली नाही. विचारलं तर म्हणे तो वेगळा ऑप्शन आहे, त्याचे पैसे वेगळे. असतील, पण फॉर्ममध्ये एकदा विचारा तरी, "मागे काही लिहिलंय का" एवढंच. ३ स्टारच्या वर जात नाही ते यामुळे.

आता वस्तूंचे फोटो. पांढऱ्याशुभ्र बॅकग्राउंडवर, सावली नाही, धूळ नाही, प्रत्येक वस्तू अशी दिसते की जणू विकायला काढलीये. आजोबांच्या चष्म्याच्या घराचे तीन फोटो आलेत, बंद, उघडं आणि बाजूने. फोकस एकदम टकाटक. पण त्या घराची गंमत काय तर ते बंद करताना आधी एक बारीक कुरकुर येते आणि मग टक. आजोबा पेपर वाचून संपला की तो टक यायचा, आणि आम्हाला कळायचं की आता बोललं तरी चालेल. उजव्या कडेला आतलं मखमल झिजून पत्रा दिसतो, कारण ते चष्मा कायम त्याच बाजूने अंगठ्याने दाबत घुसवायचे. झिजलेला भाग फोटोत दिसतो, पण त्यावरून अंगठा फिरवल्याशिवाय तो अंगठ्याने झिजलाय हे कळत नाही, आणि टक तर कुठल्याच फोटोत नाही. मी शेवटी फोन ठेवून तो आवाज रेकॉर्ड केला, सहा सेकंदांची क्लिप. ती त्या तीन फोटोंपेक्षा जास्त वेळा ऐकली गेलीये.

पण थांबा, मी काही वस्तूंच्या बाजूने भांडायला बसले नाहीये. रेडिओ मी देऊन टाकला. घरी फोटो काढले, समोरून, डायलचा जवळून, मागच्या व्हॉल्व्हचे, आणि एका हौशी माणसाला दिला जो असे रेडिओ दुरुस्त करतो. मला वाटलं होतं रडायला येईल. अजिबात नाही. उलट खांद्यावरचं ओझं गेलं. यावरही अभ्यास झालाय, अमेरिकेत एका विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये सेमिस्टर संपताना जुन्या वस्तू दान करा अशी मोहीम चालवली, काही हॉस्टेलमध्ये सांगितलं की जिव्हाळ्याच्या वस्तूंचा आधी फोटो काढून ठेवा आणि मग द्या, तर तिथे ६१३ वस्तू जमल्या आणि नुसतं दान करा सांगितलं तिथे ५३३. म्हणजे जाहिरात खोटं बोलत नाही, फोटो काढला की हात खरंच सुटतो. फक्त कुठल्या वस्तूवरून सुटायला हवा ते जाहिरात ठरवू शकत नाही. रेडिओची आठवण म्हणजे बाबा त्याच्यासमोर बसलेत ही, आणि ती बघण्याचीच आठवण आहे, फोटोत मावते. चष्म्याच्या घराची मावत नाही. या हिशोबाने मी ११ पैकी ५ वस्तू काढून टाकल्या आणि कंपनीच्या चकचकीत फोटोंचा तेवढ्यापुरता उपयोग झाला, म्हणून २ स्टार, नाहीतर १.

आणि आता डबा. मी याला पॅकिंग समजले होते. पुठ्ठा आम्लरहित आणि लिग्निन नसलेला, म्हणजे साध्या कागदाला वर्षानुवर्षांनी जो पिवळा-तपकिरी रंग चढतो आणि आतल्या फोटोंनाही लागतो तो इथे येणार नाही. फोटोंसाठी पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे पाउच दिलेत, पीव्हीसी प्लास्टिकचे नाहीत. हे महत्त्वाचं आहे, कारण स्वस्तातलं पीव्हीसी काही वर्षांनी घामेजल्यासारखं चिकट होतं आणि फोटोला चिकटून बसतं. सोबतच्या पत्रकात लिहिलंय की रबरबँड लावू नका, त्यात गंधक असतं, त्याने फोटो आणि चांदी दोन्ही काळवंडतात. आमच्या ४१२ फोटोंपैकी निम्म्यांना रबरबँडच होते. असो. पत्रक लिहिणाऱ्या माणसाला माझ्याकडून एक स्टार जास्त.

एकाच ठिकाणी पत्रकाशी माझं पटलं नाही. लोकरीचे कपडे धुऊन पूर्ण वाळवूनच ठेवा असं म्हटलंय, कारण घामाच्या, सांडलेल्याच्या डागांवर कसर येते. बरोबरच आहे. पण धुतलं की वास जातो. स्वेटरला एक वास होता, आत्याच्या कपाटाचा, कापूर आणि जुनं लाकूड आणि अजून काहीतरी जे मला सांगता येत नाही. वास नाकातून मेंदूच्या भावना आणि आठवणींच्या भागांत फार थेट जातो, बाकी इंद्रियांसारखे मधले थांबे घेत नाही, म्हणून तो वास आला की मी आधी सात वर्षांची होते आणि मग कळतं की वास आलाय. दोन दिवस स्वेटर खुर्चीवर टाकून ठेवला होता, काय करू कळेना. शेवटी धुतला. कसरीने खाल्लेल्या स्वेटरला वास असून काय करायचंय. पण ते पाणी ओतून देताना जे वाटलं ते कुठल्या फोटोत ठेवायचं ते मला माहीत नाही.

डब्यात मोजकीच कोरी कार्डं येतात, प्रत्येक वस्तूसोबत ठेवायला. आधी मला हे बालिश वाटलं. पण क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये तुटलेल्या नात्यांचं एक संग्रहालय आहे, २०१० पासून, तिथे लोकांनी पाठवलेल्या अगदी साध्या घरगुती वस्तू ठेवल्यात आणि शेजारी ज्याने पाठवली त्याने लिहिलेली चार ओळींची हकिकत. चिठ्ठ्या काढून घेतल्या तर तो एक जुन्या बाजाराचा स्टॉल होईल. आमच्या किल्ल्यांच्या जुडग्याचं हेच झालं. सात किल्ल्या, इतकी वर्षं जपून ठेवलेल्या, आणि आईला विचारलं कशाच्या तर ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी ठेवल्या होत्या म्हणून ठेवल्या." बाबांना आता विचारता येत नाही. कार्ड हातात घेऊन बसले, काही लिहिता येईना, जुडगा भंगारात दिला. बाकीच्यांची कार्डं लिहिली, स्वेटरचं सगळ्यात आधी, चांगल्या पेनाने, सावकाश: आत्याने माझ्यासाठी विणलेला, मी व्हायच्या आधी, बाह्या लांब झालेल्या.

मग फोटो एकेक करून पाउचमध्ये भरायला घेतले, आणि या वेळी मागची बाजू वाचत वाचत. बाबांचं अक्षर, कोणीतरी नावं लिहिलेली, एका ग्रुप फोटोच्या मागे फक्त "यातले तिघे नंतर बोलेनासे झाले", कोण तिघे ते नाही लिहिलेलं. आणि स्वेटरच्या फोटोच्या मागे, पिवळ्या गोंदाच्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत, आत्याचं तिरकं अक्षर. १४ जानेवारी १९७९. बाह्या लांब झाल्या, असू दे, पोरगा वाढेलच.

माझा जन्म १९८२ चा.

आमच्या घरात लहानपणी सगळ्यांचे केस एकाच पद्धतीने कापायचे त्यामुळे फोटोतलं बाळ मी आहे हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं, मी सुद्धा. आईला फोन केला तर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "अगं हो की, आधी दादालाच विणला होता, मग तू घातलास." म्हणजे फोटोचा रंग चुकला तो स्वेटरने सुधारला, आणि स्वेटरची गोष्ट चुकली ती फोटोने, आणि तीही नेमकी ज्या बाजूचे कंपनी वेगळे पैसे घेते त्या बाजूने. कार्डावरचं खोडायला लागलं, मोजकीच कार्डं देतात आणि सुटी मिळत नाहीत, डब्याचा अर्धा स्टार त्याचा कापलाय.

दादाला मागच्या बाजूचा फोटो काढून पाठवला ही माझी दुसरी चूक. त्याचा पाच मिनिटांत मेसेज आला की स्वेटर त्याचा आहे आणि पुढच्या वेळी येईल तेव्हा घेऊन जाईल. मी त्याला कंपनीने काढलेला पांढऱ्या बॅकग्राउंडवरचा फोटो पाठवलाय, फुल रिझोल्युशनमध्ये. अजून उत्तर नाही आलं.